वाचक विचारतात : मित्राचे अठरा पीएसआय

प्रश्न : काका, मी साखळीचा, वय २५, वेर्ण्याला नोकरी. गेल्या दिवाळीत २०१२ची १.८ लिटर टर्बो पेट्रोल सेडान सेकंडहँड घेतली. पुण्यातल्या मित्राकडे हीच गाडी आहे. त्याने ब्लीड व्हॉल्व बसवून बूस्ट (धुराच्या जोरावर फिरणारा टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो तो दाब; पीएसआय आणि केपीए ही त्याची मापं) १८ पीएसआयवर नेलाय आणि म्हणतो, 'वर्ष झालं, काही होत नाही.' फोनवरच्या ॲपमध्ये माझी गाडी फुल ॲक्सिलरेटरला १८५ केपीए दाखवते. म्हणजे २७ पीएसआय झाले. मी आधीच त्याच्या पुढे आहे का? माझ्या गाडीला सेफ बूस्ट किती? – स. गा., साखळी

उत्तर : २७ नव्हेत रे बाबा, घाबरू नको. उद्या सकाळी इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरव आणि तेच ॲप उघड. १०१च्या आसपास आकडा दिसेल. तो टर्बोचा नव्हे, तुझ्या-माझ्या डोक्यावरच्या हवेचा. १८५मधून तो वजा कर. उरले ८४ केपीए, म्हणजे साधारण १२ पीएसआय. हा तुझा बूस्ट. मित्राचा गेज बाहेरच्या हवेलाच शून्य धरतो, तुझं ॲप तिचा दाबही मिळवून मोजतं, एवढाच घोळ. माझ्या डिचोलीच्या गॅरेजात महिन्याला एक तरी पोरगा याच हिशोबावरून भांडतो.

आता 'सेफ किती' हे. आकडा मी सांगतो, पण आधी माझी एक फजिती ऐक.

१९९८ साली माझ्या मेहुण्याने आखातातून येताना एक जपानी टर्बो गाडी आणली. मी तेव्हा स्वतःला फार शहाणा समजायचो. डिसेंबरातल्या एका रात्री, थंडीत, फोंड्याच्या रस्त्यावर तिचा बूस्ट १ बारवर, म्हणजे साडेचौदा पीएसआयवर, सेट केला. गाडी अशी पळाली की मेहुण्याने मला पाचशेची नोट दिली. मे महिन्यात तो दुपारी दोन वाजता, चार माणसं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन अनमोड घाट चढला. गेजवर तोच १ बार, काटा तसूभर हललेला नाही. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनचा रिंगांमधला पट्टा तुटला आणि बोअर खरवडून निघाला. इंजिन मी माझ्या पैशाने बांधून दिलं. पाचशेची नोट बायकोने आधीच खर्च केली होती.

दाब तोच होता, मग बदललं काय? उष्णता. हवा दाबली की तापते. आपल्याकडे ३३ अंशांची हवा १२ पीएसआयपर्यंत दाबली, तर टर्बोतून निघताना ती ११५च्या आसपास असते. १८ला नेलीस की १४५च्या वर, आणि टर्बो लहान असेल तर त्याचा दम संपून आणखी वर. इंटरकूलर, म्हणजे ही हवा गार करणारी जाळी, यातली बरीच उष्णता काढतो, पण त्याच्यावरही वारा येतो तो आपल्या मे महिन्याचाच. गरम हवा सिलिंडरात गेली की ठिणगीची ज्योत पोचायच्या आत उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. हे नॉकिंग. डब्यात खडे घालून हलवल्यासारखा आवाज येतो. खिडक्या बंद आणि गाणी चालू असली, तर तोही ऐकू येत नाही.

घाटात आणखी एक गंमत होते. बेळगावला पोचलास की चावी फिरवून बघ, १०१ऐवजी ९२-९३ दिसेल. हवा विरळ. तुझ्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, मात्र एकूण दाबाचा हिशोब ठेवतो, त्यामुळे तेवढाच दाब भरायला टर्बोला जास्त फिरावं लागतं. लहान टर्बो आधीच मिनिटाला दोन लाखांच्या घरात फिरत असतो.

मित्राच्या ब्लीड व्हॉल्वबद्दल माझं मत चांगलं नाही. वेस्टगेट (दाब पुरेसा झाला की जादा धूर टर्बोला चुकवून बाहेर सोडणारं दार) उघडणाऱ्या ॲक्च्युएटरला जी दाबाची नळी जाते, तिच्यातली थोडी हवा तो बाहेर सोडतो. ॲक्च्युएटरला वाटतं दाब कमी आहे, तो वेस्टगेट उशिरा उघडतो. थोडक्यात, चौकीदाराला झोपेची गोळी. जुन्या गाड्यांत हे चालून जायचं. तुझ्या गाडीत वेस्टगेट ईसीयू सांभाळतो. दाब ठरल्यापेक्षा वर गेलेला दिसला की तो ताकद तोडतो, आणि चोर्ल्याच्या वळणावर ओव्हरटेक करताना हे झालं तर काय, ते तूच बघ. बूस्ट वाढवायचाच असेल, तर ईसीयूचा मॅप (त्याचं प्रोग्रॅमिंग) बदलून, म्हणजे पेट्रोल, टायमिंग (ठिणगीची वेळ) आणि दाब तिन्ही एकत्र.

त्याआधी गाडी तपास. पाइपांत १५ पीएसआय हवा भरून प्रत्येक क्लॅम्पवर साबणाचं पाणी मार. फेस आला तिथे गळती. ॲक्च्युएटरची दांडी हाताने हलते का बघ. आपल्या खाऱ्या हवेत ती गंजून अडकते, आणि अडकलेली दांडी म्हणजे फुकटात वाढलेला बूस्ट. इंटरकूलरच्या पात्यांत खाणीची लाल धूळ बसली असेल तर साध्या नळाने धू, प्रेशर वॉशरने पाती वाकतात. प्लग नवे घाल. दाब वाढला की मोठ्या गॅपमध्ये ठिणगी विझते, म्हणून ट्यूनर गॅप ०.७ मिलिमीटरच्या आसपास आणतात.

मग डायनोवर, म्हणजे गाडी जागेवरच चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, रस्त्यावर नाही. मोपाच्या नव्या रस्त्यावर रात्री कोण काय करतं ते मला ठाऊक आहे. मूळ बूस्टपासून सुरुवात, एका वेळी १ पीएसआय वर, आणि दर वेळी दोन गोष्टी बघायच्या : फुल लोडला हवा-पेट्रोलचं प्रमाण १२च्या (एक भाग पेट्रोलला १२ भाग हवा) आसपास राहतं का, आणि नॉक सेन्सरमुळे ईसीयू टायमिंग मागे खेचतोय का. टायमिंग मागे खेचायला लागला तिथे थांब आणि दोन पीएसआय खाली ये. ही चाचणी एप्रिल-मेमध्ये, भर दुपारी. जानेवारीत काढलेला आकडा मी मानत नाही.

पेट्रोलचंही बघ. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. त्याने ऑक्टेन (नॉकिंग रोखायची ताकद) वाढतं, म्हणून तुझा मित्र खूश असेल. पण इथेनॉलला हवा कमी लागते : साध्या पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग, तर या २० टक्केवाल्या पेट्रोलला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त. २०१२चे इंजेक्टर आणि पंप मूळ बूस्टला ते पुरवतील. १८ पीएसआयला पुरवतील याची हमी मी देणार नाही.

तर आकडा. मूळ टर्बो, मूळ इंटरकूलर, गोव्याची हवा आणि तुझं घाटातलं जाणं-येणं धरून मी १ बारच्या, म्हणजे साडेचौदा पीएसआयच्या वर जाणार नाही. गाडी माझी असती तर बारा पीएसआयवरच ठेवली असती आणि उरलेल्या पैशांचे चार चांगले टायर घेतले असते. आणि हो, विमा कंपनीला न सांगता इंजिनात बदल केलास तर क्लेमच्या वेळी तोंड लपवावं लागेल. मोटार वाहन कायद्यातही परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं लिहिलेलं आहे.

प्रश्न : माझी डिझेल गाडी करमलघाट चढताना हल्ली काळा धूर सोडते, ओढत नाही आणि शिट्टीसारखा आवाज येतो. गॅरेजवाला टर्बो बदला म्हणतो, खर्च चाळीस हजार. काय करू? – एक शिक्षिका, काणकोण

उत्तर : बाई, चाळीस हजार पर्समध्येच ठेवा. या तिन्ही खुणा एकत्र आल्या की माझा पहिला संशय टर्बोवर नसतो, इंटरकूलरच्या रबरी पाइपावर असतो. तो चिरला की दाबलेली हवा वाटेत निसटते, डिझेल पूर्ण जळत नाही, म्हणून धूर. पाइपाच्या खालच्या बाजूला हात फिरवून बघायला सांगा, चीर बहुधा तिथेच, तेलकट डागासकट सापडते. पाइप धड निघाला, तरच टर्बोचा शाफ्ट हलवून बघायचा. किंचित हालचाल असतेच, पण पंखा घराला घासत असेल तर गॅरेजवाला खरं बोलतोय, आणि मग त्याला आधी तेलाची नळी चोंदली आहे का ते तपासायला लावा. नाहीतर नवा टर्बोही पावसाळ्याच्या आत जाईल.