विजेरी मासा जवळची वस्तू ओळखतो तेव्हा त्याच्या मेंदूतल्या पेशी कसा प्रतिसाद देतात?

"उद्दीपन मिळालं की पेशी जास्त फायर होते, एवढंच ना?" असं तुम्ही प्रश्नाखाली जोडलंय. (फायर होणं म्हणजे पेशीने विजेचे ठोके सोडणं.) नाही, एवढंच नाही. या 'एवढंच ना'ने माझे कित्येक महिने खाल्लेत, म्हणून लिहायला बसले.

मी ॲप्टरोनोटस या दक्षिण अमेरिकी विजेरी माशावर काम करायचे. याचं विद्युत-अंग सेकंदाला साधारण 600 ते 1000 वेळा स्पंदतं. ते स्नायूंचं नाही, चेतातंतूंचंच बनलेलं, त्यामुळे क्युरारी (स्नायू लुळे करणारं औषध) देऊन मासा निश्चल केला तरी चालू राहतं. (आयगनमानिया या दुसऱ्या विजेरी माशाचं स्नायूंचं, म्हणून बंद पडतं, मग बाहेरून नकली सिग्नल द्यायची कटकट.) तोंडातून कल्ल्यांवर पाणी सोडत राहायचं आणि ईएलएलमध्ये (मेंदूत कातडीकडून विजेचे निरोप पहिल्यांदा पोचतात तो भाग) काचेचा इलेक्ट्रोड उतरवायचा.

एका रात्री छान पेशी लागली. स्पीकरवर तिच्या ठोक्यांची दमदार टकटक. अंगाजवळ धातूचा गोळा नेला की गप्प, काढला की पुन्हा सुरू. प्लास्टिकची कांडी नेली तर टकटकीचा नुसता सडा. पाच वेळा तेच. आमचे एक सीनियर आले, गोळा नेल्यावरची शांतता तेवढी ऐकली आणि म्हणाले, "मेली ती. पुढची शोध." मी मुकाट वहीत 'बाद' लिहिलं. पुढे अशा बऱ्याच पेशी बाद केल्या.

धातूजवळ माशाच्या स्वतःच्या विजेचा कातडीतून जाणारा प्रवाह वाढतो, प्लास्टिकजवळ घटतो. कातडीतले पी-ग्राहक (हा प्रवाह टिपणारी संवेदी इंद्रियं) त्याच हिशोबाने फायर होतात. पण ईएलएलमधल्या, निरोप पुढे पाठवणाऱ्या पिरॅमिडल पेशी दोन जातींच्या. ई-पेशी वाढीला बोलतात, आय-पेशी घटीला, कारण त्यांना निरोप मधल्या अवरोधक पेशींमार्फत उलटा होऊन मिळतो. माझी मेलेली नव्हती, आय होती. आणि हे काही नवं नव्हतं, 1980च्या दशकातच छापून आलेलं! वाचायचं कुणी?

तेव्हा पेशी गप्प झाली तर ती गप्पही नोंदवा. कुणी नुसतं ऐकून 'मेली' म्हणालं, तर आधी त्याच्या हातात प्लास्टिकची कांडी द्या, मग तो कितीही सीनियर असो.

हो, एक राहिलंच. तेच उद्दीपन ठरावीक लयीत देत राहिलात तर काही मिनिटांत प्रतिसाद विझत जातो. मेंदूच्या वरच्या भागातून येणारे समांतर चेतातंतू त्याची उलटी प्रतिमा तयार करून ते खोडून टाकतात. आणि हे सगळं सतत लहरी सोडणाऱ्या दक्षिण अमेरिकी माशांचं. आफ्रिकेतले मॉर्मिरिड गटाचे विजेरी मासे सुटे स्पंद सोडतात, तिथे स्पंदाच्या हुकमाची प्रतही मेंदूत पोचते, ते प्रकरण वेगळं.