बाहेरचं काही खात नाही, मग मला शुगर कशी?

"मॅडम, आम्ही पिझ्झा-बर्गर खाणारी माणसं नव्हे. सगळं घरचंच. मग मला शुगर कशी झाली?" आहार समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न माझ्यासमोर सारखा येतो. विचारणाऱ्या बहुतेक बायका असतात, चाळिशीच्या आसपासच्या, अंगाने बारीक. आणि बोलता बोलता कळतं की त्यांना खरं विचारायचंय ते वेगळंच: माझं काय चुकलं? म्हणूनच ही केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

ताई मूळच्या मंगळवेढ्याकडच्या, आता हडपसरला राहतात. नवरा टेम्पो चालवतो, त्या एका पॅकिंग युनिटमध्ये कामाला जातात. दोन मुलं. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी चाचणी) सात टक्क्यांच्या जवळ आली होती. डॉक्टरांनी गोळी सुरू करून माझ्याकडे पाठवलं. रिपोर्टपेक्षा घरातल्या बोलण्यांनी त्या जास्त खचल्या होत्या. "जिभेचे चोचले नडले," असं सासूबाई म्हणाल्या होत्या आणि नवऱ्याने साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवून दिला होता.

मी म्हटलं, काल सकाळी उठल्यापासून पोटात काय काय गेलं ते सांगा. सकाळी चहा आणि पाच रुपयांच्या पुड्यातली बिस्किटं, निम्मी त्यांची, निम्मी मुलांची. डब्यात चार चपात्या आणि बटाट्याची भाजी. दुपारी चारला युनिटबाहेर चहा-खारी. घरी आल्यावर कुकर होईपर्यंत मूठभर फरसाण. रात्री भात आणि आमटी. "डाळ किती घालता?" तर म्हणाल्या, "चौघांत एक वाटी. तुरीचा भाव बघताय ना?" पालेभाजी पगार झाला की.

यात चोचले कुठे आहेत? मला तरी दिसले नाहीत. दिसला तो पिठाचा ढीग: गहू, मैदा, तांदूळ, बटाटा, वर साखर आणि तेल. डाळ, कडधान्य, भाजी नावापुरती.

त्यांच्या पर्समध्ये मुलासाठी घेतलेला एक पुडा होता. त्याच्या मागचं बारीक अक्षर मी त्यांनाच वाचायला लावलं. पहिली तीन नावं मैदा, साखर, पामतेल. अशा बिस्किटांत १०० ग्रॅममागे २५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. "पाच रुपयांत एवढं सगळं परवडतं कसं यांना?" ताईंनी विचारलं. उरलेली सगळी भेट आम्ही या प्रश्नावरच बोललो.

गव्हापासून सुरुवात केली. १९६५ मध्ये अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग आले तेव्हा देश अमेरिकेहून येणाऱ्या गव्हावर जगत होता. आपल्याकडे ७२च्या दुष्काळात वाटलेली सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आठवणारी माणसं अजून आहेत. गहू-तांदळाला हमीभाव देऊन सरकारने ते खरेदी केले, म्हणून उपासमार हटली. हे उपकार मी विसरायला तयार नाही. पण हमीभाव वीसहून जास्त पिकांना जाहीर होतो आणि मोठी सरकारी खरेदी होते ती मुख्यतः गहू-तांदळाची. त्यामुळे रेशनवरही तेच येतात. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यात ज्वारी-बाजरीसारख्या भरड धान्याचा दर १ रुपया किलो लिहिलेला आहे, तरी बहुतेक दुकानांत मिळतो गहू आणि तांदूळ. जानेवारी २०२३ पासून तो फुकट आहे, माणशी महिना ५ किलो. ताईंच्या घरात २० किलो येतो. ज्वारी मात्र बाजारातून विकत घ्यावी लागते. अशा घरात ताटात गहू-भात वाढणारच.

मग साखर. ताईंच्या माहेरची ज्वारी एवढी नावाजलेली की मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. पण सासरच्या शेतात उजनी धरणाचं पाणी आलं आणि दिरांनी ऊस लावला. दीर चुकले असं मला वाटत नाही. उसाला कायद्याने ठरलेला किमान दर आहे, ऊस न्यायला कारखाना आहे. ज्वारीचा हमीभाव कागदावर असला तरी त्या भावाने घेणारा दारात येईलच याची खात्री नसते.

आणि तेल. १९८६ मध्ये तेलबिया अभियान सुरू झालं आणि नव्वदीच्या सुरुवातीला आपण खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झालो होतो. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली. आज निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, त्यात मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलाचा. सोलापूर-मराठवाड्यातली करडई मागे पडत गेली. बिस्किटं, खारी, फरसाण यांचे कारखाने या स्वस्त तेलावर चालतात.

ताई गप्प ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या घरात काय शिजणार ते आधीच ठरलेलं." पूर्ण नाही, पण बरंचसं. हे त्यांना कळणं मला औषधाइतकं महत्त्वाचं वाटतं, कारण अपराधी वाटणारं माणूस चार दिवस कडक पथ्य करतं आणि पाचव्या दिवशी सोडून देतं.

बारीक असण्याबद्दलही बोलावं लागलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या गावांतल्या बाळांवर दीर्घकाळ काम केलं आहे. आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी असतात, पण कमी असतो तो मुख्यतः स्नायू. चरबी त्या मानाने टिकून असते. मोठेपणीही वजनकाटा ठीक दाखवतो आणि पोटाभोवती चरबी साठत राहते. २०२३ मध्ये आलेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मोठ्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज निघाला. ही सगळी काही लठ्ठ आणि खादाड माणसं नव्हेत.

पुढच्या भेटीला नवऱ्याला बोलावलं. फरसाणावर ताईंचा हात थांबत नाही हा त्यांचा मुख्य आक्षेप. अमेरिकेतले संशोधक केविन हॉल यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मी त्यांना सांगितला. २० माणसांना दोन आठवडे कारखान्यात बनलेलं तयार अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं, हवं तेवढं खायची मुभा ठेवून. वाढलेल्या ताटात साखर, मीठ, चरबी दोन्हीकडे सारखीच होती. तरी तयार अन्नावर तीच माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. ते थोडा वेळ विचारात पडले आणि म्हणाले, "मग साखरेचा डबा खाली काढतो."

पथ्य आम्ही पैशांतच मांडलं. बिस्किटं, खारी, फरसाण यांवर घरात महिन्याला जे जातं त्यात मटकी, हुलगे, हरभरे आणि फुटाणे बसतात. रेशनचा गहू तसाच ठेवला, पण दळताना त्यात हरभरा मिसळायचा. चपात्या चाराच्या दोन, सोबत उसळ, आणि जेवताना उसळ आधी. चारच्या चहाबरोबर फुटाणे-शेंगदाणे. रात्री भात अर्धा, आमटी घट्ट, जेवल्यावर गल्लीत फेरी. ज्वारीची भाकरी आठवड्यातून दोनदाच जमते, तेवढीच धरली. गोळी बंद करायची नाही, हे दर भेटीत बजावते. साखर हळूहळू उतरते आहे.

मुलांचं अजून सुटलेलं नाही. तेरा वर्षांची मुलगी शाळेबाहेर रोज एक पुडा घेते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, नूडल्स, पाकीटबंद नमकीन यांच्यावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला. घरखर्चाला हातभार म्हणून कुणालाही आनंदच व्हावा, पण मला त्या दिवशी माझ्याकडे येणारी मुलंच आठवली. चिलीने २०१६ मध्ये जादा साखर-मीठ असलेल्या पाकिटांवर पुढच्या बाजूला काळा अष्टकोनी इशारा छापायला लावला. आपल्याकडे असा इशारा असता, तर ताईंना पुड्याच्या मागचं बारीक अक्षर शोधावं लागलं नसतं. पुढच्या भेटीला मुलीला घेऊन या असं सांगितलंय. तिच्या कमरेचा घेर मोजायचा आहे, आणि त्याच पाच रुपयांत शाळेबाहेर दुसरं काय मिळतं ते तिच्याकडूनच ऐकायचं आहे.