एअरसॉफ्टच्या (प्लास्टिकचे छर्रे मारायच्या खेळातल्या) गॅस पिस्तुलासाठी ०.२० ग्रॅमचे छर्रे घ्यावेत की ०.२५चे?

सरळ ०.२५ घ्या. ०.२० वेग मोजायला बरे; १ जूलच्या पिस्तुलातून ते सेकंदाला १०० मीटरने सुटतात, पण मैदानात जरा वारा आला की भरकटलेच. तेवढ्याच ऊर्जेला ०.२५चा वेग साधारण ९० मीटरवर येतो, तरी छर्रा रेघ धरून जातो.

०.२८ही चालतील, मात्र हॉप-अप (छर्र्याला उलटी फिरकी देऊन हवेत तोलून धरणारी पिस्तुलातली सोय) नीट लावून बघा: छर्रा लवकर खाली पडत असेल तर वाढवा, वर उचलला जात असेल तर कमी करा. थंडीत गॅसचा दाब पडतो, तेव्हा जड छर्रे रडवतात.

०.१२च्या वाटेला जाऊच नका. आणि स्वस्तातले, साच्याची शिवण दिसणारे छर्रे तर फुकट मिळाले तरी नकोत, नळीत अडकतात. गॉगल मात्र हवाच, घरात पुठ्ठ्यावर नेम धरतानाही.