‘एक मूल आहे ना, मग कशाला?’

*ताई, मी 33 वर्षांची आहे. साडेतीन वर्षांपूर्वी मुलगी झाली. कळा फार वेळ चालल्या, शेवटी चिमटा लावून बाळ काढलं. पुढे वर्षभरात लक्षात आलं, की संध्याकाळी खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं. अंघोळ करताना हाताला गोळा लागतो. सकाळी उठल्यावर काहीच नसतं. आम्हाला दुसरं मूल हवंय, आठ महिने प्रयत्न चाललेत. डॉक्टरांनी सकाळी झोपवून दोन मिनिटं तपासलं आणि म्हणाले, ‘पिशवी थोडी खाली आली आहे. एक मूल आहे ना, मग कशाला? त्रास वाढला की काढून टाकू.’ मी काही विचारायच्या आत पुढच्या बाईंना आत बोलावलं. आता मला इजा होईल म्हणून नवरा जवळ यायला घाबरतो. मला दिवस राहणारच नाहीत का? की मीच हट्ट करतेय? – व.*

प्रिय व.,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण रात्री झोप उडवणारा प्रश्न तोच असणार. हा हट्ट नाही. किती मुलं हवीत हे तू आणि तुझा नवरा ठरवणार. डॉक्टरांनी सांगायचं ते हे, की शरीरात नेमकं काय झालंय, धोका कुठे आहे आणि काय काय करता येतं. त्यांनी यातलं काहीच सांगितलं नाही आणि जे ठरवणं त्यांचं कामच नव्हतं, ते मात्र ठरवून मोकळे झाले. तुझं पत्र वाचताना मला फार राग आला. मीही एकदा अशीच मनातले सगळे प्रश्न मनातच ठेवून दवाखान्याबाहेर पडले होते. ती चुटपुट किती दिवस पुरते, ते मला ठाऊक आहे.

मी डॉक्टर नाही. तुझी तपासणी मी करू शकत नाही. पण तुझ्या डॉक्टरांनी दोन वेगळ्या गोष्टींची एकच गाठ मारून ठेवली आहे, तेवढी सोडवू या.

अंग खाली येणं आणि दिवस राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिशवीला आतून बंधांचा आधार असतो आणि खालून ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा. बाळंतपणात हे ताणले जातात. कळा लांबल्या किंवा चिमटा लावावा लागला, तर हा स्नायू हाडापासून सुटूही शकतो. म्हणजे तू काही चुकीचं उचललंस किंवा पुरेशी विश्रांती घेतली नाहीस म्हणून हे झालं, असं स्वतःला बोलत बसू नकोस. या सगळ्यात बीजकोश आणि बीजनलिका आपलं काम करतच असतात. शुक्रजंतू काही मिनिटांत गर्भाशयमुखाच्या स्रावात शिरतात. संबंधानंतर जे बाहेर येतं ते बघून ‘सगळं वाया गेलं’ असं वाटतं ना? तसं नसतं. पिशवी पूर्णच बाहेर आली असेल, तिथे जखम असेल, संबंध ठेवणंच अवघड झालं असेल, तर गोष्ट वेगळी. तुझ्या वर्णनावरून तसं वाटत नाही.

आता त्या आठ महिन्यांबद्दल. वर्षभर नियमित संबंध ठेवणाऱ्या शंभरातल्या ऐंशीहून अधिक जोडप्यांना दिवस राहतात, म्हणून पस्तिशीच्या आत सहसा वर्षभर थांबून मग तपासण्या करतात. पण नवरा घाबरतो असं तू लिहिलंयस. मग त्या आठ महिन्यांत योग्य दिवसांत तुम्ही खरंच किती वेळा जवळ आलात, ते दोघं मिळून आठवा. पुढची पाळी येण्याच्या साधारण 14 दिवस आधी बीज सुटतं. तो दिवस आणि त्याआधीचे पाच, एवढाच काळ कामाचा. कदाचित तुमचे आठ महिने मोजणीत दोन-तीनच भरतील. वर्ष उलटूनही दिवस राहिले नाहीत, तर तपासणी दोघांचीही व्हायला हवी. नवऱ्याची वीर्यतपासणी सोपी असते, ती मागे ठेवू नका.

तुझ्या पत्रात एक गोष्ट नाही, आणि ती नाही कारण तुला ती सांगितलीच गेली नाही. कोणता भाग, आणि किती खाली? हाताला लागणारा गोळा पिशवीचाच असेल असं नाही. पुढच्या भिंतीतून मूत्राशय किंवा मागच्या भिंतीतून गुदाशयही असा फुगवटा देतो. खाली येण्याच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत तो भाग योनिमुखाच्या सेंटिमीटरभराहून आतच असतो, दुसरीत योनिमुखाच्या आतबाहेर सेंटिमीटरभराच्या टप्प्यात, तिसरीत त्याहून बाहेर आणि चौथीत जवळजवळ सगळंच बाहेर. उपाय या पायरीवर ठरतात. आणि ती कळायची तर तुला जोर करायला, खोकायला सांगून तपासायला हवं, गरज पडली तर उभं करूनही. रात्रभर आडवं राहिल्यावर अंग आपोआप आत जातं. म्हणून सकाळची, शांत पडून केलेली दोन मिनिटांची तपासणी तुझा खरा त्रास दाखवूच शकत नाही. पुढची वेळ संध्याकाळची घे.

ती घेताना डॉक्टर बदल. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. बाळंतपणाचे कागद आणि जुने रिपोर्ट बरोबर ने. मूत्रमार्ग आणि ओटीपोटाच्या तळाचे विकार बघणारे स्त्रीरोगतज्ज्ञ असतात, त्यांना यूरोगायनॅकॉलॉजिस्ट म्हणतात. ते मिळाले तर उत्तम.

पहिल्या-दुसऱ्या पायरीवर सर्वांत आधी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम, त्यालाच कीगल म्हणतात. पण ‘कीगल करा’ असं पाठीमागून ओरडून सांगितलेला नव्हे. या स्नायूंचं शिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडून आतून तपासून शिकलेला. बऱ्याच बायका स्नायू वर ओढण्याऐवजी नकळत खाली जोर देतात आणि त्रास वाढवतात. वारा आणि लघवी एकाच वेळी रोखल्यासारखं आत-वर ओढायचं, धरायचं, मग पूर्ण सैल सोडायचं. निदान 16 आठवडे नेमाने केल्याशिवाय उपयोग झाला नाही असं म्हणायचं नाही. बद्धकोष्ठ असेल तर त्यावर आधी उपचार घे, कारण रोजचं कुंथणं हा सगळा व्यायाम फुकट घालवतं. मुलीला उचलताना श्वास सोडत, तळ आवळून उचल.

दुसरा उपाय रिंगचा. मऊ सिलिकॉनची ही रिंग मापाने निवडून योनीत बसवतात आणि ती वरच्या भागाला तोलून धरते. स्वतः काढायला-घालायला शिकून घेतलीस, तर संबंधाआधी काढून नंतर बसवता येते. दिवस राहिल्यावरही ती वापरता येते. याचा साधा उल्लेखही तुझ्यापुढे झाला नाही, याचं मला राहून राहून वाईट वाटतं.

शस्त्रक्रिया सहसा मुलं होऊन गेल्यावर करतात, कारण पुढच्या बाळंतपणात दुरुस्ती पुन्हा सैल पडू शकते. पण शस्त्रक्रिया म्हणजे पिशवी काढणंच, हे खरं नाही. मूल हवं असलेल्या तरुण बायकांसाठी पिशवी जागेवर ठेवून तिला पट्टीचा आधार देणाऱ्या शस्त्रक्रिया मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी कित्येक दशकांपूर्वीच बसवल्या. तुझ्यासारखीचा विचार तेव्हाही झाला होता. कुणी शस्त्रक्रिया सुचवलीच, तर गर्भाशयमुख कापणार का, हे मात्र विचार. त्याचा परिणाम पुढच्या गर्भावर होऊ शकतो.

आणि दिवस राहिले तर? पहिले तीन महिने खाली ओढल्यासारखं जास्त जाणवू शकतं. चौथ्या महिन्याच्या सुमाराला पिशवी वाढून पोटात वर सरकते आणि अनेकींना तेव्हा उलट बरं वाटतं. बाळंतपणानंतर त्रास परत येऊ शकतो. लघवीत जंतुसंसर्ग, लघवी अडणं, गर्भाशयमुखाला सूज किंवा जखम, लवकर कळा असे धोके असतात. म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांना अंग येण्याबद्दल सांग. सिझेरियन करावंच लागतं असं नाही, ते तुझी स्थिती बघून ठरतं. मात्र लघवी होईनाशी झाली, बाहेर आलेला भाग आत जाईना, किंवा पाळीशिवाय रक्त किंवा दुर्गंधी स्राव दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. फॉलिक ॲसिडची 400 मायक्रोग्रॅमची गोळी आतापासूनच चालू कर. जास्त डोस लागेल का, हे नवे डॉक्टर सांगतील.

नवऱ्याला हे पत्र वाचायला दे. संबंधांमुळे अंग आणखी खाली येत नाही. त्याची भीती मायेपोटी आहे, पण तिच्यामुळे तू एकटी पडली आहेस. सकाळची वेळ, कमरेखाली उशी, दुखलं तर तिथेच थांबणं, एवढ्यानं खूप फरक पडतो. वंगण लागलं तर शुक्रजंतूंना अपाय न करणारं मागून घ्या, सगळी तशी नसतात.

पुढच्या भेटीला त्याला बरोबर ने आणि कागदावर एवढंच लिहून ठेव: ‘मला दुसरं मूल हवं आहे. कोणता भाग किती खाली आला आहे? दिवस राहीपर्यंत आणि राहिल्यावर मी काय करू?’ पुढच्या बाईंना हाक मारली गेली, तरी उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडू नकोस.

तुझी,
ताई