मुलूखगिरी म्हणजे भटकंती नव्हे

दर्यापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा प्रश्न आहे. त्यांच्या नववीतल्या मुलीनं वहीत 'अमेरिकेची इराकवरची मुलूखगिरी' असं लिहिलं. सरांनी शब्द खोडून 'मोहीम' केलं आणि बाजूला शेरा मारला : 'मुलूखगिरी म्हणजे भटकंती'. घरी आजोबा म्हणाले, "नाव काई बी द्या, थे तिकळे गेलेच कायले, थे सांगा." बरोबर कोण?

मुलगी बरोबर आहे, आणि आजोबांचा प्रश्नही.

'युरोपची मुलूखगिरी करून आलो' हे हल्ली इतकं कानावर येतं की चीड येते. सहलीसाठी भटकंती, भ्रमंती, फिरस्ती असे चांगले शब्द पडले आहेत. मुलूखगिरी म्हणजे दुसऱ्याच्या मुलखात फौज घालून खंडणी किंवा लूट वसूल करणं. गुजरातेतल्या काठेवाडावर पेशवे आणि गायकवाड वसुलीसाठी सैन्य पाठवत, त्याला मुलूखगिरी हेच नाव होतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या कर्नल वॉकरनं 1807 मध्ये तिथल्या संस्थानांच्या खंडणीचे आकडे ठरवून दिले, ते ही फौज पुन्हा पुन्हा येऊ नये म्हणूनच.

आता शब्दाच्या पोटात बघा. 'मुल्क' अरबी, तो सगळ्यांना माहीत आहे, सोडून देऊ. खरी गंमत 'गिरी'त. फारसीत 'गिरफ्तन' म्हणजे पकडणं, आणि 'गीर' म्हणजे पकडणारा. जहांगीर म्हणजे जग धरणारा. औरंगजेबाचं आलमगीर तेच सांगतं. आपली जहागीर म्हणजे 'जा-गीर', जागा धरून बसणं. बारगीर म्हणजे मुळात ओझं घेणारा, घोडा. पुढे सरकारी घोड्यावरचा स्वार. आणि मला सगळ्यात आवडणारा शब्द दिलगिरी. दिलगीर म्हणजे काळीज धरलं गेलेला, दुःखी. मुलूख धरला की मुलूखगिरी, काळीज धरलं की दिलगिरी. क्रियापद एकच.

व्याकरणाची पुस्तकं मुलूखगिरी, दादागिरी, कारागिरी एका ओळीत बसवून 'गिरी हा फारसी प्रत्यय' म्हणतात आणि मोकळी होतात. हा निव्वळ आळस आहे. कारागिरीच्या मुळाशी कारीगर आहे. तिथला 'गर' म्हणजे करणारा, पकडणाऱ्याशी त्याचं नातं नाही. दादागिरी, गुंडगिरी, फसवेगिरी यांच्याबद्दल माझं ठाम मत असं, की हे शब्द मुलूखगिरीच्या वळणावर घडले. कामगिरीसारखे अपवाद सोडले तर मराठीत 'गिरी' बहुतेक वाईट कृत्यालाच का चिकटते? ज्या लोकांनी घोड्यांच्या टापांखाली उभं पीक जाताना पाहिलं, त्यांच्या कानात या दोन अक्षरांचा अर्थ पक्का बसला होता.

आणि हे परक्यांपुरतं नाही. आपल्या नागपूरकर भोसल्यांचे बारगीर भास्करपंतांच्या हाताखाली 1742 मध्ये बंगालात शिरले. 1751 च्या तहात ओडिशा आणि वर्षाला 12 लाखांची चौथ मिळाली. बंगालच्या अंगाईगीतात लेकरांना भीती घालणारे 'बर्गी' म्हणजे हेच बारगीर. विदर्भात हे अभिमानानं सांगितलं जातं, तर त्याचं खरं नाव, मुलूखगिरी, हेही उच्चारायला हवं. हेतू लपवायची त्या शब्दाला गरज वाटली नव्हती.

मोहीम मात्र लपवते. अरबी 'मुहिम्म' म्हणजे महत्त्वाचं, काळजीचं काम. आपली हिंमत त्याच धातूची. पण महत्त्वाचं कुणाला? लसीकरणाची मोहीम असते, तणनाशाची असते. दुसऱ्या देशावर रणगाडे घातले तरी मोहीमच म्हणायचं? रशियानं 2022 मध्ये युक्रेनवर चाल केली तिला 'विशेष लष्करी मोहीम' हे नाव दिलं आणि तिला युद्ध म्हणणाऱ्यांवर खटले भरले. आपल्या वर्तमानपत्रांनी ते नाव बिनदिक्कत छापलं.

'मोहीम हा तटस्थ शब्द आहे,' असं भाषेतले मान्यवर सांगतात. मला ते साफ अमान्य आहे. इराकमध्ये फौजा मार्च 2003 मध्ये गेल्या, त्या महासंहारक शस्त्रांचं कारण सांगून. शस्त्रांचे साठे नव्हते, हे अमेरिकेच्याच तपास पथकानं 2004 मध्ये लिहून दिलं. दरम्यान सप्टेंबर 2003 मध्ये तिथल्या अमेरिकी प्रशासनानं हुकूम काढून, तेलासारखी खनिजं वगळता, बहुतेक उद्योगांत शंभर टक्के परदेशी मालकी खुली केली होती. तेल, लष्करी तळ, दहशतीची भीती, यांतला मूळ हेतू कोणता यावर वाद जरूर घालावा. पण 'मोहीम' म्हटलं की तो वाद सुरू होण्याआधीच संपतो, 'कायले?' विचारायला जागाच उरत नाही.

'आक्रमण' लिहिलं असतं तर चाललं असतं का? चाललं असतं. पण त्यातला 'क्रम' पाऊल टाकण्यापुरता आहे. हद्द ओलांडल्यावर तिथं काय धरलं, ते 'गिरी'तच येतं. सरांनी गुण कापले असतील तर परत द्यावेत.