सायकलवरून फोटो: साताऱ्याच्या आसपास कुठे, कधी, कसे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात राहता, रविवारी पंचवीस-तीस किलोमीटर निवांत सायकल चालवता, वाटेत फोनवर फोटो काढता. पण घरी येऊन बघितलं की आभाळ पांढरंफटक, देऊळ काळंठिक्कर आणि किल्ला बोटभर. शिवाय सारखं थांबायचा कंटाळा येतो. तर आता चांगला कॅमेरा घ्यावा का?

आत्ता घेऊ नका. वर्षभर आहे त्या फोनवर काढा. तुमच्या तक्रारींचं मूळ दोनच गोष्टींत आहे: ऊन कुठून येतंय हे निघण्याआधी ठरवलेलं नाही, आणि फोन हाताशी नाही. नवा कॅमेरा पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवला तर तोही तसाच राहणार. सॅक उतरवा, चेन उघडा, पिशवीतून काढा, एवढ्यात बैलगाडी वळणाआड गेलेली असते. थांबल्यापासून दहा सेकंदांत पहिला फोटो निघाला पाहिजे, अशा बेताने सगळी मांडणी करा. थांबायचा कंटाळाही त्यानेच जातो.

फोनसाठी सगळ्यात सोयीची जागा म्हणजे हँडलच्या मागे, दांड्यावर बसणारी छोटी पिशवी. एका हाताने उघडेल अशी चेन हवी. चेनच्या टोकाला दोरीचा तुकडा बांधला की हातमोज्यातूनही सापडते. पिशवीच्या तळाला जुन्या योगा मॅटचा तुकडा कापून घाला. फोन हँडलवरच्या होल्डरमध्ये तासन्‌तास लावून ठेवू नका. हल्लीच्या फोनमध्ये लेन्स स्थिर ठेवणारी नाजूक यंत्रणा असते आणि ती सततच्या थरथरीने बिघडू शकते. अ‍ॅपलने 2021 मध्ये मोटरसायकलच्या इंजिनच्या थरथरीबद्दल तसा इशारा दिला होता. सायकलची थरथर त्यामानाने कमी, पण आपल्याकडचे उखडलेले रस्ते बघता धोका कशाला घ्या. टायर 35 ते 40 मिलिमीटरचे असतील तर हवा 70 पीएसआयऐवजी 45 ते 55 ठेवा (टायरच्या कडेवर लिहिलेल्या मर्यादेत). हादरे कमी होतात आणि डांबर सोडून मातीत उतरायला भीती वाटत नाही.

आता थांबण्याबद्दल. फोटोच्या नादात होणारे बहुतेक घोटाळे थांबतानाच होतात. आधी मागे बघा, डावा हात दाखवा, डांबर पूर्ण सोडून साइडपट्टीवर या, दोन्ही पाय टेकवा, मगच पिशवीला हात. वळणावर थांबायचं नाही, पुढचं दृश्य कितीही सुंदर असो. यवतेश्वरच्या घाटात उतरताना तर जागा चढतानाच हेरून ठेवा, कारण उतारावर अचानक ब्रेक लावला की मागचा गाडीवाला बेसावध असतो. घाट चढून थांबलात की मिनिट-दोन मिनिटं श्वास खाली बसू द्या. नाडी 140 वर असताना हात हलतो आणि फोटो किंचित धूसर येतो. फोनच्या पडद्यावर ते कळत नाही, घरी मोठा करून बघितल्यावर कळतं. घाईच असेल तर कोपर बरगडीला टेकवा, श्वास सोडून झाल्यावर दाबा, आणि लागोपाठ तीन फोटो घ्या. बहुधा मधला स्थिर येतो.

सायकल कुठे टेकवायची हाही प्रश्नच असतो. मैलाच्या दगडाला टेकवलेली सायकल हमखास पुढे सरकून आडवी होते. त्यावर फुकटचा उपाय आहे: जुन्या ट्यूबमधून सेंटीमीटरभर रुंदीची गोल कडी कापा आणि हँडलच्या मुठीवर कायम चढवून ठेवा. थांबलात की ती ओढून पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवरून घ्यायची. ब्रेक दाबलेला राहतो, सायकल हलत नाही. वर्षभराने रबर कडक होऊन तडकतं, तेव्हा नवी कापायची. सायकलही फोटोत हवी असेल तर चेनची बाजू कॅमेऱ्याकडे, पेडल आडवी, आणि पुढचं चाक किंचित कॅमेऱ्याकडे वळवलेलं. हँडलची रेघ क्षितिजाला किंवा देवळाच्या पायरीला कापत नाही ना, तेवढं बघा. बसून, साधारण चाकाच्या आसाच्या उंचीवरून काढा. उभ्याने काढलेल्या फोटोत सायकल खेळण्यासारखी दिसते.

उन्हाचं गणित एकदा नीट समजून घ्या, कारण साताऱ्याला ते फार कामाचं आहे. अजिंक्यतारा किल्ला शहराच्या दक्षिणेला आहे, म्हणजे शहरातून आपल्याला त्याची उत्तरेकडची बाजू दिसते. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो आणि दिवसभर दक्षिणेकडून जातो, त्यामुळे त्या बाजूवर ऊन जवळजवळ पडतच नाही. डिसेंबरात किल्ला निळसर, सपाट आणि आभाळ पांढरं येतं ते यामुळे. त्यात फोनचा दोष नाही. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र सूर्य आपल्या डोक्याच्याही उत्तरेला सरकलेला असतो. तेव्हा सकाळी सात आणि संध्याकाळी सहाच्या तिरप्या उन्हात त्याच कड्यावरची प्रत्येक घळ उठून दिसते. वळवाचा पाऊस पडून गेल्यावरची मेअखेरची संध्याकाळ सापडली तर सोडू नका, हवा धुतलेली असते. हिवाळ्यात उलटं करायचं: किल्ल्याच्या उतारावरच्या 'चार भिंती' या स्मारकापाशी चढायचं आणि किल्ल्याकडे पाठ करून खाली शहर काढायचं. सकाळचं ऊन उजवीकडून येतं, घरांना एक बाजू उजळ आणि एक सावलीची मिळते. यवतेश्वर घाटातून सकाळी शहराकडे बघाल तर सूर्य तोंडावर असतो. तिथे तपशिलाच्या मागे लागू नका; धुक्यातून वर आलेले डोंगरांचे थर काढा, ते उन्हाविरुद्धच सुंदर दिसतात. तांबडं फुटायच्या आत निघा. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, जूनच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास.

किल्ला बोटभर येतो तो रुंद लेन्समुळे. पडद्यावर झूमचा आकडा 0.5 दिसत असेल तर 2 किंवा 3 वर जा, आणि शक्य असेल तर दोन-तीनशे मीटर मागे जा. पुढे उसाचं रान, मध्ये झाडांची रांग आणि मागे कडा अशी तीन अंतरं एका चौकटीत आली की डोंगराला त्याची उंची मिळते.

काळ्या पाषाणाच्या देवळाचं म्हणाल तर गोची अशी, की फोन चौकटीतल्या उजेडाची सरासरी काढतो. चौकटीत बहुतेक काळा दगड असेल तर तो उजेड वाढवतो, दगड राखाडी होतो आणि आभाळ जळतं. चौकटीत आभाळ जास्त असेल तर देऊळ काळं पडतं. दगडावर बोट दाबून धरा, लॉकची खूण आली की बोट थोडं खाली सरकवून उजेड कमी करा. फोन उजेडाचा (एक्स्पोजरचा) आकडा दाखवत असेल तर उणे 0.7 ते उणे 1. दाट धुक्यात उलट, अधिक 0.7, नाहीतर धुकं मळकट येतं. आणि दुपारी अकरानंतर आभाळ चौकटीत घेऊच नका. दारचौकट, दीपमाळेचा तळ, पायऱ्यांवरची झीज, एवढंच घ्या.

पहिली फेरी संगम माहुलीची करा. शहरापासून पाच-सहा किलोमीटर, चढ नगण्य. कृष्णा आणि वेण्णा इथे मिळतात. विश्वेश्वराचं मंदिर श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी 1735 च्या सुमारास बांधलेलं, पैलतीरावर पूर्वेला क्षेत्र माहुली, रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. सकाळी नदीपलीकडे बघितलं की सगळं सावलीच्या आकृतींत दिसतं, पाण्यावर वाफ असते. पैलतीरावरच्या देवळांवर ऊन हवं असेल तर संध्याकाळी पाचनंतर परत या. एकच जागा दोन वेळांना काढून बघा, दहा व्हिडिओ बघून समजणार नाही तेवढं त्यातून समजेल. तिथे स्मशानभूमी आहे आणि घाटावर दहाव्याचे विधी चालतात. अशा वेळी फोन पिशवीतच ठेवायचा, लांबूनही काढायचा नाही. आंघोळ करणाऱ्यांचंही तेच.

लिंबची बारा मोटेची विहीर साधारण सोळा किलोमीटरवर, शाहू महाराजांच्या काळातली, 1719 ते 1724 या वर्षांत विरूबाई भोसले यांनी बांधून घेतलेली. ती अष्टकोनी, तोंडाशी सुमारे 50 फूट रुंद आणि 110 फूट खोल आहे. भर दुपारी जावं असं आसपासचं हे एकच ठिकाण. सकाळी आत अंधार आणि वर चकचकीत आभाळ असतं, फोनला दोन्ही एकदम सांभाळता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत साडेबाराच्या आसपास सूर्य सुमारे 50 अंशांवर असतो. ढोबळ हिशेब केला तर ऊन उत्तरेच्या भिंतीवर 55-60 फूट खाली पोचतं आणि तिथून परतलेल्या उजेडाने बाकीच्या बाजूही उजळतात. म्हणून हिवाळ्यात तिथे बारा ते एक गाठा. आभाळ चौकटीबाहेर ठेवा, उजेड भिंतीवर लॉक करा, रुंद लेन्स वापरा. फोनला मनगटात अडकणारी दोरी लावल्याशिवाय काठावरून हात पुढे करू नका. लिंब फाट्यापर्यंतचा महामार्ग मात्र सायकलीला वाईट आहे. जिथे सेवा रस्ता आहे तिथे तोच धरा, मुख्य रस्त्यावर फोटोसाठी अजिबात थांबू नका.

कासला जायचं तर सुमारे पंचवीस किलोमीटर आणि जवळपास 500 मीटर चढ, त्यामुळे निवांत फेरीत बसवायला पहाटेच निघावं लागतं. फुलांचा हंगाम साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात. त्या काळात प्रवेशाची आगाऊ नोंदणी असते, वाहनांचे नियम दरवर्षी बदलतात; आदल्या दिवशी बघून घ्या आणि शनिवार-रविवार टाळा. इथल्या फुलांचे गालिचे सगळेच काढतात आणि सगळ्यांचे सारखेच येतात. त्याऐवजी एक फूल घ्या. सीतेची आसवे नखाएवढं असतं, कवल्याचं पिवळं फूल त्याच्या दोन लाल ठिपक्यांनी ओळखू येतं, आणि दवबिंदू या कीटकभक्षी रोपाच्या केसांवरचे चिकट थेंब सकाळच्या समोरून येणाऱ्या उन्हात काचेसारखे चमकतात. वारा हा इथला मोठा शत्रू. अंगाने आडोसा करा, झुळूक थांबेपर्यंत थांबा, फोनमध्ये प्रो मोड (शटरचा वेग हाताने ठरवता येतो तो) असेल तर शटर 1/500 सेकंद ठेवा. फार जवळ गेलात की फोन मागच्या गवतावर फोकस करतो. थोडं मागे येऊन 2 वर काढा. हे सगळं पायवाटेवरूनच. एका फोटोसाठी आत टाकलेल्या पावलाखाली किती रोपं चिरडतात ते वाकून बघितलं की पुन्हा पाऊल पडत नाही.

नोव्हेंबर ते मार्च उसाचा गळीत हंगाम, तेव्हा रस्त्यावरच सगळं मिळतं: बैलगाड्या, गुऱ्हाळाची वाफ, पाचटाचा धूर. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर मागची ट्रॉली हेलकावत नेतो, त्याच्यापासून तीन-चार मीटर लांब उभे राहा. बैलगाडी येताना खाली बसून काढायचा मोह होतो, पण बैल बुजतात. बाजूने, उभ्याने काढा. मजुरांच्या कोप्यांपाशी आधी बोला: "दादा, गाडीचा फोटो घेऊ का?" बायकांचा, पोरांचा घ्यायचा तर त्यांना आणि घरच्यांना विचारून. नाही म्हणाले तर फोन खिशात घालून राम राम करायचा. हो म्हणाले तर दाखवा, आणि कुणाकडे फोन असेल तर तिथेच पाठवून द्या.

चालत्या गाडीचा वेग दाखवायचा असेल तर प्रो मोडमध्ये शटर 1/30 ते 1/60, आणि कंबरेतून वळत गाडीबरोबर फोन फिरवत न्या. पंधरा-वीसमधला एखादाच जमतो. सोबत्याच्या सायकलवर सराव करा.

पावसाळ्यात फोन झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी. मडगार्ड नसेल तर चाकाचं पाणी थेट पिशवीवर उडतं, म्हणून आधी ते बसवा. लेन्सवर चिखल किंवा उसाच्या रस्त्यावरची धूळ बसली असेल तर आधी फुंकर, मग मऊ कापड. घामट टी-शर्टने पुसलं तर घामातलं मीठ आणि तेल काचेवर पसरतं, आणि समोरून ऊन आलं की सगळा फोटो दुधाळ येतो. कापड वेगळ्या छोट्या पिशवीत ठेवा, पंक्चरच्या सामानात नको, त्याला सोल्यूशनचा आणि ग्रीसचा हात लागतोच.