बोनस मिळाला, पैसे मात्र अडकले

प्रश्न : मी लंडनला असतो. ऑनलाइन कॅसिनोचा ५० पौंड बोनस घेतला, २१० जिंकलो, आता म्हणतात एका स्पिनला ४ पौंड लावलेत, लिमिट २ चं होतं, सगळं रद्द! असं कसं?

उत्तर : अहो, तिथे कायद्याने २५ वर्षं आणि त्यापुढच्या वयाच्यांना स्लॉटवर (चक्रं फिरवून पैसे लावायचा खेळ) स्पिनला, म्हणजे एका फेरीला, ५ पौंडांपर्यंत चालतात, पण बोनस चालू असताना कॅसिनोचं लिमिट त्याहून कमी असू शकतं आणि ते बारीक अक्षरात कुठेतरी खाली असतं, कोण वाचतंय. शिवाय वेजरिंग, म्हणजे बोनसच्या ठरावीक पट रकमेच्या बेट लावायची अट, ती १० पट असेल तर ५०० पौंडांच्या बेट लावल्याशिवाय पैसे निघत नाहीत (जानेवारी २०२६ पासून तिथे १० पटच कमाल, आधी ३०-४० पटही असायचं). अटींचा स्क्रीनशॉट काढून आधी कॅसिनोकडेच तक्रार करा, ८ आठवड्यांत नाही मिटलं तर स्वतंत्र लवादाकडे फुकटात जाता येतं.